चौथं येण्याचा अभ्यासक्रम

धावण्याच्या शर्यतीतला सगळ्यात टिकाऊ भाग म्हणजे शर्यतीनंतर लिहिला जाणारा अहवाल. शर्यत दोन-तीन मिनिटांत उरकते. अहवाल मात्र वर्षानुवर्षं कपाटात उभा असतो, त्याला धाप लागत नाही, त्याची पोटरी आखडत नाही, आणि उलटा वारा सुटला तरी त्याचं एक पानही मागे पडत नाही. आमच्या देशातल्या ॲथलेटिक्सची सगळी भरभराट या एका सत्यावर उभी आहे.

तर मुलांनो, डोळे मिटा. (पुढचं वाचायचं असल्यामुळे लगेच उघडा.) कल्पना करा, जुलै महिना आहे. भर उन्हाळा, म्हणजे तुमच्या अंगात दोन स्वेटर आणि वर रेनकोट आहे. इंग्लंडात, लँकशरमधल्या हॅथरडेल गावाबाहेर, सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला, चारशे मीटरचा लाल ट्रॅक आहे. कडेला तीन पायऱ्यांची बैठक आहे. तुम्ही मधल्या पायरीवर बसा. वरची गळते आणि खालची अधिकाऱ्यांसाठी राखीव आहे. हातात कागदी पेला धरा. त्यातला चहा पिऊ नका. आमच्या मॉरीनने तो सकाळी साडेआठला उकळला आहे, आता तो फक्त बोटं शेकायच्या कामाचा.

बसलात? छान. हा आमचा क्लब, हॅथरडेल हॅरियर्स. सभासद एकशे चाळीस. त्यांपैकी धावणारे, उडी मारणारे आणि काहीतरी फेकणारे मिळून एकोणसाठ. उरलेले एक्क्याऐंशी समित्यांवर आहेत. (एक गृहस्थ दोन्हींकडे आहेत असं आढळलं, त्यांची चौकशी चालू आहे.)

या समित्यांमध्ये सगळ्यात मानाची म्हणजे भावी शक्यता समिती. अध्यक्ष, मिस्टर सिरिल बॅमफोर्थ. त्यांनी उभं आयुष्य हवामानाचे अंदाज लिहिण्यात घालवलं. उद्याचा अंदाज चुकला की लोक रागावत नाहीत, परवाचा विचारायला येतात, हे माणसाच्या स्वभावाचं रहस्य त्यांना तिथेच उमगलं. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून ते ॲथलेटिक्सकडे वळले.

त्यांनी काय केलं, ते नीट ऐका. यात गणित आहे. त्यांनी क्लबच्या साठ वर्षांच्या वह्या काढल्या आणि बाराव्या वर्षी शर्यत जिंकलेल्या मुलांची नावं बाजूला लिहिली. मग त्यातली किती मुलं तिसाव्या वर्षी धावत होती ते पाहिलं. शंभरातली चौऱ्याण्णव धावत नव्हती. (उरलेल्या सहांचा पत्ता सापडला नाही.) आता, बाराव्या वर्षी हरलेल्या मुलांपैकीही शंभरातली चौऱ्याण्णव तिसाव्या वर्षी धावत नव्हती. पण त्यांच्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तो आकडा परिशिष्टात गेला.

यावरून निष्कर्ष उघड होता. जिंकणं मुलांच्या प्रकृतीला घातक आहे. प्रत्येक मूल जन्माला येताना जिंकण्याचा ठरावीक साठा घेऊन येतं, आणि तो लहानपणीच उधळला तर मोठेपणी देशाच्या वाट्याला काय उरणार? समजलं? नाही समजलं तरी हरकत नाही. समितीलाही हे दुसऱ्या वाचनात समजलं.

मग नियम सात आला. तो मला पाठ आहे, कारण त्याची शुद्ध प्रत मीच काढली: 'पंधरा वर्षांखालील कोणत्याही खेळाडूने एका हंगामात तीन वेळा प्रथम क्रमांक मिळविल्यास त्याचे भवितव्य खर्ची पडले असे समजण्यात येईल, व त्याचे नाव भावी खेळाडूंच्या यादीतून सहानुभूतीपूर्वक कमी करण्यात येईल.'

'सहानुभूतीपूर्वक' हा शब्द मॉरीनच्या आग्रहावरून घातला. मॉरीन क्लेग आमची प्रशिक्षक. चहा, सेफ्टी पिना आणि रडणारी मुलं ही तिन्ही खातीही तिच्याकडेच.

पहिला क्रमांक वाईट, हे ठरलं. मग चांगला कोणता? समितीने तीन बैठका घेतल्या. दुसरा क्रमांक माणसाला कडवट करतो. तिसरा आलेला माणूस पदक न्हाणीघरात टांगतो आणि दिसेल त्या पाहुण्याला हात धुवायला पाठवतो. चौथा मात्र निर्मळ. हातात काही नाही आणि पुढे सगळं आहे. शिवाय आमच्या लोकांना चौथ्यावर मनापासून माया करता येते. कुणी थोडक्यात हुकला की आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि चहा देतो. जिंकलेल्या माणसाला चहा कोणत्या निमित्ताने द्यायचा, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

गेल्या हंगामाच्या अहवालातले काही उतारे देतो, म्हणजे पद्धत लक्षात येईल.

'रिले, मुलगे: बॅटन पडला. गतवर्षीपेक्षा साठ मीटर पुढे जाऊन पडला. भावी शक्यता: चांगल्या.

लांब उडी: वाळू ओली होती. खेळाडूही ओला होता. भावी शक्यता: वाळल्यावर कळतील.

तीन हजार मीटर अडथळे: क्लबला एक गुण मिळावा म्हणून मिसेस ओल्डरॉयड (वय ६३, खजिनदार) उतरल्या. पाण्याच्या खड्ड्यात त्यांना ओळखीचं कुणीतरी भेटलं. भावी शक्यता: त्यांना पुन्हा विचारू नये.

भालाफेक: गॅरेथ पिकल्स, चौथा. सलग एकोणिसावे वर्ष. भावी शक्यता: अतिशय उज्ज्वल.'

हा अहवाल इतका गाजला की प्रांताच्या मंडळाने तो मागवून घेतला, आणि तेव्हापासून आमच्या क्लबाकडे आदराने पाहिलं जाऊ लागलं.

आता टिल्डाकडे येऊ.

टिल्डा ॲस्पिनॉल, वय बारा. गुडघे हात-पायांपेक्षा मोठे, केस कायम अर्धे सुटलेले. तिची आई शेरिल त्रेचाळीस नंबरची बस चालवते. टिल्डा आठशे मीटर धावते, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. एरवी सांगितलेलं ऐकणारी, शाळेत वेळेवर जाणारी, ताटातला मटारही संपवणारी मुलगी. दोष एकच. पिस्तुलाचा बार झाला की तिला काही आठवत नाही. एप्रिलमध्ये ती जिंकली. आम्ही म्हटलं, लहान आहे, होतं असं. मे महिन्यात पुन्हा जिंकली, तीस मीटरच्या फरकाने. तेव्हा तिच्या आईला बोलवावं लागलं.

"बसा, मिसेस ॲस्पिनॉल," मिस्टर बॅमफोर्थ म्हणाले. "बातमी तशी चांगली नाही."

"काय केलं आमच्या टिल्डानं?"

"जिंकली."

"ते माहितीये की. मी तिथंच होते. ओरडून घसा बसला माझा, दोन दिवस बसमधे नुसतं खुणेनं सांगत होते, मागं सरका, मागं सरका."

मॉरीनने बिस्किटांची बशी हळूच तिच्यापुढे सरकवली. (आमच्याकडे न मागता बशी पुढे आली की समजायचं, प्रकरण डॉक्टरांच्याही हातात राहिलेलं नाही.)

"दोनदा झालंय," मिस्टर बॅमफोर्थ म्हणाले. "तिसऱ्यांदा झालं तर मला काही करता येणार नाही. नियम माझ्यापेक्षा मोठा आहे."

"तो तुम्हीच केलाय ना?"

"म्हणूनच मला त्याचा मान ठेवावा लागतो."

शेरिलने एक बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. "मग मी काय करू? खायला कमी घालू का पोरीला?"

"आहाराचा विचार समितीने केला होता. मॉरीनचा विरोध पडला."

"सिरिल, आधीच काडी आहे ती," मॉरीन म्हणाली. "आणखी कमी केलं तर वाऱ्याने जिंकेल."

टिल्डा इतका वेळ खुर्चीवर मांड्यांखाली तळवे घेऊन बसली होती. तिने विचारलं, "मिस्टर बॅमफोर्थ, भवितव्य म्हणजे कधी?"

"दोन हजार छत्तीस."

"तेव्हा जिंकलं तर चालेल?"

मिस्टर बॅमफोर्थ प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्यांनी विचार करून सांगितलं, "तेव्हाचं तेव्हा बघू, बाळ. तोपर्यंत बहुतेक पुढची यादी आलेली असेल."

"आणि गुरुवारची मिनीबस?"

"ती यादीतल्यांसाठीच."

तुम्हाला ती मिनीबस म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून सांगतो. हॅथरडेलमध्ये हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो आणि ट्रॅकवर बर्फ धरतं. मग आमची मुलं सुपरमार्केटच्या गाड्या लावायच्या जागेत, ट्रॉल्यांच्या मधून धावतात. यादीतल्या सहा मुलांना मात्र मॉरीन दर गुरुवारी मँचेस्टरला छपराखालच्या ट्रॅकवर घेऊन जाते. तिथे वळणं कडेने वर चढलेली आहेत. वळणावरून खाली उतरताना पोटात झोपाळ्यासारखा गोळा येतो. टिल्डा गेल्या हिवाळ्यात एकदाच, कुणाला तरी गोवर झाला म्हणून, त्याच्या जागी गेली होती. घरी येऊन तिने आईला सांगितलं होतं, "आई, तिथं पाय आपले राहतच नाहीत." येत्या ऑक्टोबरपासून तिची जागा पक्की होती. यादीत नाव राहिलं तर.

तर प्रश्न असा उभा राहिला. जुलैमध्ये आठ क्लबांची प्रांतीय स्पर्धा. त्यात टिल्डाला चौथं आणायचं.

वेगाने कसं धावावं हे शिकवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. नेमकं चौथं कसं यावं हे शिकवणारा एकच, गॅरेथ पिकल्स. वय एकतीस, नळदुरुस्तीचा धंदा, भालाफेक. बाराव्या वर्षी त्याचं नाव यादीत आलं ते अजून आहे. त्याच्या आईने पदकांसाठी भिंतीत एक फळी ठोकून घेतली होती; तिच्यावर आता मुरंब्याच्या बरण्या आहेत, आणि त्या फार छान दिसतात. दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तो टिल्डाला शिकवू लागला.

"पहिला धडा," गॅरेथ म्हणाला. "कुणाला मागं टाकताना सॉरी म्हणायचं. मोठ्यानं, तोंडाकडं बघून."

"का?"

"एक तर ती रीत आहे. दुसरं, एका सॉरीत पाव सेकंद जातो. चार सॉरींचा एक सेकंद."

"आणि ती म्हणाली, काही हरकत नाही, तर?"

"तर थांबून थँक्यू म्हणायचं. मी एकदा एका स्कॉटिश माणसाला असं करत करत पाचवा आलो होतो. जरा जास्त झालं."

दुसरा धडा मोजणीचा. पुढे तीन पाठी दिसायला हव्यात. चार दिसल्या तर अपयश, दोन दिसल्या तर धोका. तिसरा धडा चेहऱ्याचा. शर्यत संपल्यावर हनुवटी वर, ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी, पण ते गालावर येऊ द्यायचं नाही. (गालावर आलं की तो दुसऱ्या क्रमांकाचा चेहरा होतो.)

टिल्डाने तिन्ही धडे वहीत लिहून घेतले. प्रगतिपत्रक पुढीलप्रमाणे:

आठवडा पहिला. धावणारे: टिल्डा आणि सात मुली. टिल्डा पहिली. सॉरी: शून्य.

आठवडा दुसरा. पाठीवर पाच किलो बटाटे. टिल्डा पहिली. सॉरी: एक, तोही पडलेल्या बटाट्याला.

आठवडा तिसरा. मॉरीनचा कुत्रा विल्फ्रेड यालाही धावायला घेतलं. विल्फ्रेड पहिला, टिल्डा दुसरी. ही लक्षणीय सुधारणा मानण्यात आली. (विल्फ्रेडचं नाव मात्र कमी झालं.)

"मी करते सगळं," टिल्डा गॅरेथला म्हणाली. दोघं कुंपणाला टेकून बटाटे पिशवीत भरत होते. "पण मधेच काहीतरी होतं. शेवटच्या वळणावर. मला ऐकूच येत नाही काही."

"मला माहितीये ते."

"तुला पण होतं? तू कधी जिंकलायस?"

"एकदा. अंडं-चमचा. मग पंचांनी बघितलं, अंडं गोंदानं चिकटवलेलं होतं. मग चौथा."

"वाईट नाही वाटत?"

"मला? अगं, माझ्या वर्गातली पोरं टकली झाली, घरं घेऊन बसली. मी अजून होतकरू आहे. गेल्या आठवड्यात पेपरात छापलंय." त्याने पिशवीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "फक्त कधीकधी भाला हातातून सुटताना कळतं. की हा लांब जाणारे. सुटायच्या जरा आधी कळतं. मग मी मनगट थोडं आवरतो."

"का?"

"सवय," गॅरेथ म्हणाला, आणि पिशवी गाडीत ठेवून आला.

स्पर्धेचा दिवस उजाडला, म्हणजे उजाडल्याची घोषणा झाली. तापमान तेरा. पाऊस बारीक, पण चिकाटीचा. तुम्ही बैठकीवर आहातच. शेजारी शेरिल बसली आहे, बसच्या गणवेशातच आली आहे, कारण तिला दोनला पुन्हा बस काढायची आहे. खालच्या पायरीवर मिस्टर बॅमफोर्थ, गुडघ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशवीत यादी, हातात कर्णा. त्यांच्या शेजारी प्रांताच्या मंडळाहून आलेल्या बाई, ज्यांचं काम फक्त भवितव्य पाहणं हे आहे. (त्यांनी शर्यतीकडे पाठ केलेली दिसली तर गैरसमज करून घेऊ नका.)

आठशे मीटर, तेरा वर्षांखालील मुली. आठ क्लबांच्या आठ मुली रेषेवर आल्या. मॉरीनने टिल्डाच्या छातीवर नंबर टोचला.

"किती पाठी, राणी?"

"तीन."

"शाब्बास."

बार झाला.

पहिल्या शंभर मीटरमध्येच लक्षात आलं की टिल्डाने अभ्यास केला आहे. ती रमतगमत धावत होती. तिने मान वळवून शेजारच्या मुलीला सॉरी म्हटलं. ती मुलगीही सॉरी म्हणाली. तिच्या मागची दोघींना सॉरी म्हणाली. पुढची एक तर थांबून बाजूलाच झाली आणि हाताने पुढे जाण्याची खूण करू लागली. पहिली फेरी संपली तेव्हा घड्याळात चार मिनिटं नऊ सेकंद झाले होते. कुंपणाबाहेरच्या वाटेवरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते, ते आठही जणींना मागे टाकून दिसेनासे झाले.

इथे एक तपशील सांगायचा राहिला. प्रांताच्या मंडळाने आमचा अहवाल मागवून घेतला होता, हे मी सांगितलंच. त्याच्या प्रती त्यांनी बाकीच्या सात क्लबांनाही पाठवल्या होत्या. त्या सातांनीही भावी शक्यता समित्या नेमल्या होत्या, आणि नियम सात तिथेही नंबरासकट लागू झाला होता. प्रत्येक क्लबाने आपली सगळ्यात वेगवान मुलगी पाठवली होती. आणि सगळ्यात वेगवान असल्यामुळे प्रत्येकीचे या हंगामातले दोन विजय आधीच झालेले होते.

दुसऱ्या फेरीचा वेग आणखी सुधारला. शेवटच्या सरळ पट्ट्यावर आठही जणी पावलं मोजत आल्या, आणि अंतिम रेषेपासून तीन मीटरवर येऊन थांबल्या. मग आमच्या लोकांना जे जन्मतः येतं, ते त्यांनी केलं. त्या रांगेत उभ्या राहिल्या.

"तू जा ना," पुढची मुलगी मागे वळून म्हणाली. तिचं नाव ऑलिव्ह.

"नको, तू आधी आलीस."

"मी फक्त उभी आहे. मी रांगेत नाहीच आहे."

"मग रांग कुठून सुरू होते?"

"सॉरी, पण माझे दोन झालेत."

"माझे पण दोन."

"मला चौथीच्या मागं उभं राहायचं होतं, तर मागूनच चौथी झाले मी."

वेळ नोंदवणाऱ्या पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं. मुख्य पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं. मुलीला ढकलू नये, असं त्यात होतं. अनवाणी धावता येईल, असं होतं. पण धावणाऱ्याने धावलंच पाहिजे असं दोनशे चौदा पानांत कुठेही नव्हतं. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांना ते गृहीत वाटलं असावं. मॉरीनने मुलींना चहा नेऊन देऊ का असं विचारलं. ती बाहेरची मदत ठरेल आणि आठही जणी बाद होतील, असा निर्णय मिळाला. मग आठ घोंगड्या रेषेच्या पलीकडे घडी घालून ठेवण्यात आल्या, म्हणजे मुलींना त्या निदान दिसतील.

मंडळाहून आलेल्या बाईंनी प्रथमच ट्रॅककडे तोंड केलं. "काय संयम आहे," त्या मिस्टर बॅमफोर्थ यांना म्हणाल्या. "छत्तीस सालाचं सोडा. मला सत्तेचाळीस दिसतंय."

मिस्टर बॅमफोर्थ यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते गालावर आलं नाही.

बारा मिनिटं. तेरा. मुली आता कुडकुडत होत्या. टिल्डा रांगेत सहावी होती. तिने बोटं काखेत घातली होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. तिच्यापुढे सुमय्या नावाची उंच मुलगी होती, तीही तशाच उड्या मारत होती. थोड्या वेळाने आमच्या लक्षात आलं की आठही जणी उड्या मारत आहेत.

"तुला खरंच चौथं यायचंय?" टिल्डाने तिला विचारलं.

"मला धावायचंय," सुमय्या म्हणाली. "सकाळपासून. मी चार टोस्ट खाल्लेत."

"मग धाव ना."

"कुठं? रेषेच्या अलीकडं की पलीकडं?"

टिल्डाने रेषेकडे पाहिलं. मग रेषेच्या पलीकडे पाहिलं. तिथे ट्रॅक होता. तसाच लाल, तसाच ओला, वळणापर्यंत गेलेला. वर्षानुवर्षं आम्ही त्या रेषेकडे बघत आलो, पण ट्रॅक गोल असल्यामुळे तो तिथे संपत नाही, ही गोष्ट कोणत्याही समितीच्या नजरेला आली नव्हती.

"पलीकडं कोण मोजतं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. पलीकडं घड्याळ बंद होतं."

"पण आधी कुणीतरी पहिलं जायला लागेल," रांगेतली ऑलिव्ह म्हणाली. "आणि मी नाही जाणार. सॉरी. माझं यादीत नाव आहे."

"माझं पण आहे," टिल्डा म्हणाली.

ती रांगेतून बाहेर आली. आमच्या बैठकीवर शांतता पसरली, कारण रांगेतून बाहेर येणं हे आमच्याकडे फारसं पाहायला मिळत नाही. ती एकेकीच्या शेजारून पुढे आली आणि रेषेपासून एक पाऊल अलीकडे उभी राहिली. शेरिल उठून उभी राहिली. ट्रॅकच्या कडेला आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या गॅरेथने हातातला भाला जमिनीत रोवला. मिस्टर बॅमफोर्थ यांनी कर्णा तोंडाशी नेला आणि अगदी मऊ आवाजात, जसं गच्चीच्या कठड्यावर चढलेल्याशी बोलावं तसं, ते म्हणाले, "टिल्डा, बाळ, घाई नको. अजून तिघी जाऊ देत. मिनीबसचा विचार कर."

आणि आता तुम्ही. हो, तुम्हीच, मघापासून चहा धरून बसलेले. खरं सांगा, तुमच्या मनात काय आलं? मला ऐकू आलं ते. 'थांब गं पोरी, इतकी शिकलीस, आता एवढ्यासाठी नको घालवू.' ऑक्टोबरची जागा, वर चढलेली वळणं, सगळं तुमच्या डोळ्यांपुढून गेलं. तुम्हाला तिची काळजी वाटली. तुम्ही एवढा वेळ पावसात बसलात ते एका मुलीला धावताना पाहायला, आणि ती धावायला निघाली तेव्हा तुम्ही मनातल्या मनात तिचा सदरा मागून धरलात. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांवर तुमचं प्रेम आहे. मिस्टर बॅमफोर्थ यांचंही आहे; असल्या प्रेमाशिवाय नियम सात लिहिताच आला नसता. समितीवर सध्या एक जागा रिकामी आहे. अर्ज माझ्याकडे मिळतील, पण तुमचा मी भरूनच ठेवला आहे, सही तेवढी करा.

टिल्डाने रेषा ओलांडली.

वेळ चौदा मिनिटं बावीस सेकंद. प्रांताच्या इतिहासातला हा सगळ्यात संथ पहिला क्रमांक, आणि तिचा तिसरा. खालच्या पायरीवर मिस्टर बॅमफोर्थ यांनी यादी पिशवीतून काढली, पेन्सिलीला जिभेचं टोक लावलं आणि सहानुभूतीपूर्वक एक रेघ मारली. ते खाली बघत होते, त्यामुळे पुढचं त्यांना दिसलं नाही.

टिल्डा पलीकडे गेल्यावर घोंगडीला शिवलीसुद्धा नाही. ती वळली, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "या की."

सुमय्या आली. मग बाकीच्या आल्या, सगळ्या एकदम, एकमेकींच्या कोपरांखालून, एकही सॉरी न म्हणता. (चौथी कोण, यावर उपसमिती बसली आहे.) पंचांनी घड्याळं बंद करून खिशात ठेवली आणि छत्र्या उघडल्या. बार झाला नाही. कुणी तरी फक्त 'हं' म्हटलं.

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण आठ मुली अशा धावताना पाहिल्या नव्हत्या. वळणावर त्या इतक्या तिरक्या झाल्या की सपाट ट्रॅक चढलेला वाटायला लागला. ऑलिव्ह ओरडत होती, सुमय्या हसत होती, आणि धावताना हसलं की किती श्वास वाया जातो हे तिला कुणी शिकवलेलं दिसलं नाही. शेरिल बैठकीवरून वेगळ्याच आवाजात किंचाळत होती. दोनच्या बसचे प्रवासी त्या दिवशी खुणेनेच मागे सरकले. गॅरेथने रोवलेला भाला उपटला, दोनदा हातात तोलला, आणि भालाफेकीच्या जागेकडे बऱ्यापैकी झपाझप चालत गेला.

समोरच्या पट्ट्यावर आठही जणी एका ओळीत होत्या. शेवटच्या वळणातून एक पुढे निघाली, मग दुसरी तिच्या खांद्याशी आली.

पहिली कोण आली, असं तुम्ही आता विचारणार. घड्याळं खिशात होती, पंच छत्र्यांखाली होते, आणि अहवालात ती फेरीच नाही. मुलींना विचारावं, तर रेषेशी आल्यावर त्यांच्यातली एक तरी थांबली पाहिजे ना. टिल्डा रेषेशी आली, केस पूर्ण सुटलेले, तोंड उघडं, आणि तशीच पुढे निघून गेली.